पहिला गडी आणि त्याची पहिली कामे



संगणकावरच्या खेळाविषयी नभोवाणीवरून भाषण, आणि तेही शेतकरी मंडळींसाठी व शिक्षक बंधुभगिनींसाठी, हे ऐकून काहींना नवल वाटेल. पोरे आधीच त्या पडद्यापुढून हलत नाहीत, त्यात प्राध्यापकांनी आणखी भर घालावी, असेही कोणी म्हणेल. पण मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि माझ्या विषयातला एक जुना प्रश्न या खेळात जितका उघडावाघडा दिसतो, तितका तो पाठ्यपुस्तकात दिसत नाही. हात एकच आहे, कामे दहा आहेत, तर पहिले काम कोणते करायचे? मृग लागण्याच्या सुमारास हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगणात येऊन उभा राहतो. खेळातला लाभ एवढाच की तिथे आकडे स्वच्छ आहेत, आणि चुकले तर पीक बुडत नाही.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’, म्हणजे संस्कृती. तो १९९१ साली अमेरिकेत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तयार केला. त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मी आज बोलणार आहे तो २००५ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीविषयी, कारण तिच्यातला हिशेब तोंडी करता येण्यासारखा आहे. हा फेऱ्यांचा खेळ आहे, म्हणजे बुद्धिबळासारखा. आपली खेळी झाली की फेरी संपवायची, मग बाकीच्या राष्ट्रांनी खेळायचे. घाई कोणाचीच नाही. आरंभ इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी होतो आणि साध्या वेगाच्या खेळात सुरुवातीची एकेक फेरी ४० वर्षांची असते.

पट चौकोनी घरांचा आहे. कुठे गवताळ सपाट जमीन, कुठे डोंगर, कुठे वन, कुठे नदीकाठ. आपण एक नगर वसवतो. नगरातला प्रत्येक माणूस भोवतालचे एक घर राबतो आणि प्रत्येक फेरीला २ माप अन्न खातो. घरातून तीन गोष्टी निघतात: अन्न, हातोडे आणि व्यापार. हातोडे म्हणजे घडवण्याची शक्ती. शिपाई, गडी, इमारती सारे हातोड्यांनी घडते. व्यापारातून खजिना भरतो आणि विद्या वाढते. खाऊन उरलेले अन्न नगराच्या कणगीत पडते. पहिली कणगी २२ मापांची असते. ती भरली की दुसरा माणूस जन्माला येतो. पुढची कणगी २४ मापांची. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे समजेल.

जमीन मात्र आपोआप सुधारत नाही. शेत करायचे, कुरण बांधायचे, खाण खोदायची, रस्ता काढायचा, ही कामे एकटा गडी करतो. खेळात त्याला कामगार म्हणतात. आपण आपला गडीच म्हणू.

आता राजधानी वसली, आत माणूस एक. पहिल्याने काय घडवायचे, शिपाई की गडी? नवखा खेळाडू शिपाई घडवतो, कारण बाहेर जनावरे फिरताना दिसतात. जरा हिशेब करू. नगराच्या मधल्या घरातून अन्न २ आणि हातोडा १ मिळतो. शेजारी नदीकाठी मक्याचे रान आहे असे समजा. शेत न करताही तिथून ३ माप अन्न येते. (मका मूळचा अमेरिकेचा. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो आपल्या जगात आला. या खेळात तो सहा हजार वर्षांपूर्वी कोणाच्याही बांधावर उगवतो. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे.) एकूण अन्न ५ झाले, माणसाने २ खाल्ले, ३ उरले.

गडी घडवायला ६० हातोडे लागतात. तो घडत असताना नगर वाढत नाही; उरलेले अन्नही हातोड्यांत मोजले जाते. म्हणजे ३ अन्न आणि १ हातोडा मिळून फेरीला ४. साठाला चाराने भागले, १५ फेऱ्या. गडी बाहेर पडायला सहाशे वर्षे! हसू येईल, पण हा सोयीचा हिशेब आहे, इतिहास नव्हे.

दुसरा मार्ग असा, की आधी शिपाई घडवीत नगर वाढू द्यायचे. कणगी फेरीला ३ मापांनी भरते, तेव्हा आठव्या फेरीला दुसरा माणूस येतो. तो वनातल्या घरावर लावला की अन्न २, हातोडा १ आणखी मिळतो. मग गड्याकडे फेरीला ५ जातात आणि १२ फेऱ्यांत तो तयार होतो. आठ आणि बारा, वीस. म्हणजे गडी पाच फेऱ्या उशिरा आला. पुढे दोन्ही नगरे चालवून पाहिली तर तिसरा माणूस एकाकडे सव्विसाव्या आणि दुसऱ्याकडे सत्ताविसाव्या फेरीला येतो. हा फरक नगण्य वाटतो. परंतु तोवर पहिल्याच्या गड्याने शेत करून डोंगरावर खाणही खोदलेली असते, आणि दुसऱ्याचा गडी नुकताच शेताच्या कामातून मोकळा झालेला असतो. दुसऱ्याच्या पदरी त्या बदल्यात थोडे जास्त हातोडे आणि एखादा शिपाई असतो. मला पहिला सौदा बरा वाटतो. फक्त नगर समुद्रकाठी असेल, समोर मासळीचे घर असेल आणि मासेमारीची विद्या अवगत असेल, तर आधी होडी घडवावी. होडीला ३० हातोडे लागतात आणि ती घडत असताना नगराची वाढ थांबत नाही.

इथे एक पोटप्रश्न आहे, आणि पुष्कळ खेळाडू त्यातच अडकतात. गडी तयार झाला, पण त्याला करता येईल असे काम आहे का? शेत करायला शेतीविद्या हवी, कुरणाला पशुपालन हवे, खाणीला खाणकाम. विद्या नसेल तर गडी बांधावर बसून राहतो. म्हणून त्या पंधरा फेऱ्यांत कोणती विद्या शिकायची हे गड्यानेच ठरवले असे समजा. जवळ मका किंवा गहू असेल तर शेती, डुकरे किंवा गाई असतील तर पशुपालन.

आपल्या देशाचा खेळातला मासला या ठिकाणी पाहण्यासारखा आहे. चौथ्या आवृत्तीत हिंदुस्थान हे एक राष्ट्र आहे. अशोक किंवा गांधीजी यांच्या नावाने ते खेळता येते. त्याला आरंभी दोन विद्या मिळतात: गूढविद्या आणि खाणकाम. शेतीविद्या मिळत नाही! खाणकाम हाती आहे म्हणून नवखा खेळाडू गड्याला सरळ डोंगरावर पाठवतो. आयते मिळालेले अवजार पहिल्याने वापरावेसे वाटते, हा मनुष्यस्वभावच आहे. पण त्यात तोटा आहे. किती, ते मोजू.

मघाचेच नगर घ्या. नदीकाठच्या मक्यावर शेत झाले तर अन्न ३ वरून ६ वर जाते. शेताला ५ फेऱ्या लागतात. गवताळ डोंगरातून मुळात अन्न १ आणि हातोडा १ मिळतो. खाण झाली की अन्न १, हातोडे ३. खाणीला ४ फेऱ्या लागतात, आणि डोंगर चढण्यात गड्याची एक फेरी खर्च होते, म्हणून पाच धरू.

आधी शेत केले तर पहिल्या पाच फेऱ्यांत कणगीत १५ माप जमतात. सहाव्या आणि सातव्या फेरीला सहा-सहा पडून २७ होतात. सातव्या फेरीला दुसरा माणूस आला, ५ माप शिल्लक राहिली. तो डोंगरावर गेला. त्याची खाण दहाव्या फेरीला पुरी झाली. दहाव्या फेरीअखेर कणगीत २० माप, आणि एकूण घडवलेले हातोडे १३. अकराव्या फेरीला तिसरा माणूस.

आधी खाण केली तर? ती पाचव्या फेरीला पुरी झाली, पण नगरात माणूस एकच, आणि तो मक्यावर आहे. खाण तीन फेऱ्या रिकामी. आठव्या फेरीला दुसरा माणूस आला, मग खाण चालू झाली. तोवर गडी शेताकडे वळला आहे. शेत दहाव्या फेरीला पुरे. दहाव्या फेरीअखेर कणगीत ६ माप, हातोडे १६. तिसरा माणूस यायला चौदावी फेरी उजाडते.

म्हणजे तीन हातोडे जास्त मिळाले आणि चौदा माप अन्न गेले. तिसऱ्या माणसाला तीन फेऱ्या उशीर झाला. हा माणूस पुढे चौथ्याला लवकर आणणार होता, चौथा पाचव्याला. सावकारी व्याजासारखी ही वाढ चालते, फक्त इथे ती आपल्या बाजूने चालते. कोणी म्हणेल, तो एकटा माणूस मक्यावरून उचलून खाणीवर बसवू. बसवा; हातोडे चार मिळतील, पण कणगीत फेरीला एकच माप पडेल. बावीस मापांची ती कणगी कधी भरायची?

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती अन्नाच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची आहे. ज्या घरावर माणूस राबत नाही, तिथले सुधारणेचे काम तूर्त वाया जाते. नगरात दोन माणसे असताना गड्याने पाच शेते करून ठेवली, तर तीन शेते पडून राहतात. गडी लोकसंख्येच्या एक पाऊल पुढे असावा, चार पावले नव्हे. संगणकाला ‘तूच गड्याला चालव’ असे सांगण्याची सोय खेळात आहे. मी म्हणेन, निदान पहिल्या पन्नास फेऱ्या तरी ते बटण दाबू नका. संगणक गड्याला नेमका नको तिथे धाडतो.

रस्त्याचेही तसेच आहे. जुन्या आवृत्त्यांत रस्ता काढला की सपाट घरातून व्यापार वाढत असे, म्हणून जुने खेळाडू सवयीने आधी रस्ते काढतात. चौथ्या आवृत्तीत नुसत्या रस्त्याने घराचे उत्पन्न वाढत नाही. रस्ता हवा तो दुसरे नगर जोडायला, किंवा तांबे, घोडे असा माल नगरात आणायला. त्याला दोनच फेऱ्या लागतात हे खरे. पण आरंभीच्या दोन फेऱ्या म्हणजे जवळजवळ अर्धे शेत.

आता जंगलतोडीकडे येऊ. कांसे ओतण्याची विद्या आली की गड्याला वन तोडता येते. वनात शिरायला एक फेरी, तोडायला तीन, आणि नगराला एकरकमी २० हातोडे मिळतात. गणिताची विद्या आल्यावर तेच ३० होतात. खाण फेरीला २ हातोडे वाढवते, म्हणजे वीस हातोडे द्यायला तिला दहा फेऱ्या लागतात, पण ती पुढेही देत राहते. वन एकदाच देते. मग तोडावे कधी? जेव्हा ते वीस हातोडे आजच हवे असतील तेव्हा. दुसरे नगर वसवायला जो जथा लागतो, त्याला १०० हातोडे पडतात. आपले तीन माणसांचे नगर, एक मक्याच्या शेतावर, एक खाणीवर, एक वनात, जथ्याकडे फेरीला १० देते. तेव्हा दहा फेऱ्या. एकाच गड्याने दुसरी दोन वने तोडली तर आठ फेऱ्यांत काम होते. चांगली जागा शेजारच्या राष्ट्राने आधी बळकावण्याची भीती असेल, तर या दोन फेऱ्या सोन्याच्या आहेत.

हिंदुस्थानची खुबी इथे दिसते. या राष्ट्राच्या गड्याला ‘जलद गडी’ म्हणतात. इतरांचा गडी फेरीला दोन पावले चालतो, हा तीन. वनात शिरायला दोन पावले लागतात. इतरांचा गडी तिथेच थकतो आणि तोड दुसऱ्या फेरीला सुरू करतो. आपल्या गड्याजवळ एक पाऊल उरते, म्हणून तो त्याच फेरीला कुऱ्हाड घालतो. चारऐवजी तीन फेऱ्यांत एक वन. दोन वने सहा फेऱ्यांत, आणि जथाही सहाव्या फेरीला तयार. एका पावलाने एवढा फरक पडतो.

पण सगळे वन तोडू नये. वन नगराला आरोग्य देते, दोन वनांमागे एक या प्रमाणात. नगर मोठे झाले की रोगराईने अन्न कमी पडू लागते, आणि तेव्हा तोडलेले वन परत लावता येत नाही. दूरची वने, डोंगरावरची वने (जिथे पुढे खाण व्हायची आहे), ती तोडावीत, बाकीची राखावीत.

त्याच कांस्यविद्येबरोबर खेळात गुलामगिरीची प्रथाही खुली होते. माणसे मारून हातोडे मिळवायचे, माणसामागे तीस, आणि दहा फेऱ्या नगरात असंतोष. निव्वळ आकड्यांनी पाहिले तर हा सौदा पुष्कळदा फायद्याचा ठरतो, आणि हुशार मुले ते लगेच ताडतात. शिक्षकांनी इथे खेळ थांबवावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतली गुलामांची प्रथा नाहीशी करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केले. ते का, यावर एक तास घालवला तर तो फुकट जाणार नाही.

खजिन्यासाठी गडी वस्त्या बसवतो. त्याला कुंभारकामाची विद्या हवी. वस्ती प्रथम फेरीला १ व्यापार देते. तिथे माणूस राबत राहिला तर १० फेऱ्यांनी तिची वाडी होते, आणखी २० फेऱ्यांनी गाव, आणखी ४० फेऱ्यांनी कसबा, आणि कसबा ४ देतो. सत्तर फेऱ्यांचे हे झाड आहे. म्हणून ते लवकर लावावे, पण शेतानंतर, आणि तिथे सतत माणूस ठेवता येईल अशाच जागी. आज माणूस ठेवला, उद्या काढला, तर जितक्या फेऱ्या तो नव्हता तितक्या फेऱ्या वाढ थांबते. कलमाला पाणी घालायला विसरणाऱ्या माणसासारखेच ते.

दुसरा गडी केव्हा करायचा? नगरामागे दीड गडी असा खेळाडूंचा ठोकताळा आहे आणि तो बरोबर आहे. तीन नगरे, चार-पाच गडी. याहून कमी असले तर माणसे कच्च्या जमिनीवर राबत राहतात. गड्याला लढता येत नाही, हेही लक्षात असू द्या. जनावरे आपल्या हद्दीत शिरत नाहीत, पण पुढे रानटी टोळ्या शिरतात, आणि गडी एकटा सापडला तर तो त्यांचा झाला. सीमेवर शेत करायला पाठवताना बरोबर एक शिपाई द्यावा.

माझ्या वर्गात हे सांगत असताना कोरडवाहू गावातून आलेल्या एका मुलीने विचारले, “सर, रस्त्याचा काही उपयोग नाही म्हणता, पण आमच्या वाडीला रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला झोळीत घालून न्यावी लागते. ते कुठल्या आकड्यात धरायचं?” वर्ग गप्प झाला. मी म्हणालो, “या खेळात ते कुठेच धरलेलं नाही.” हा खेळ अन्न, हातोडे, व्यापार आणि थोडे आरोग्य व समाधान एवढेच मोजतो. यातला गडी जेवत नाही, आजारी पडत नाही, मजुरी मागत नाही. संख्या वाढली तर खजिन्यावर थोडा भार येतो, इतकेच. ज्या गोष्टी मोजल्या आहेत त्यांचा क्रम खेळ उत्तम शिकवतो. काय मोजायचे, हे तो शिकवीत नाही. ते त्या मुलीने वर्गाला शिकवले. सरकारी योजनांचे तक्ते पाहतानाही मला आता तिचा प्रश्न आठवतो, आणि तक्त्यात कोणता रकाना नाही ते मी आधी शोधतो.

पुढच्या आवृत्त्यांनी गड्याचे रूप बदलले. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत गडी कामाला फेऱ्या लावत नाही. काम तत्काळ होते, पण तीन कामे केली की गडी संपतो, आणि पुढचा गडी आधीच्यापेक्षा महाग पडतो. तिथे काटकसर दिवसांची नाही, कामांची करावी लागते. शिवाय एखाद्या पिकाच्या घरावर शेत केले तर पाटबंधाऱ्याची विद्या बरीच सोपी होते, तीन घरे सुधारली तर कारागिरीची. म्हणून कामाचा क्रम विद्येकडे पाहून लावतात. २०२५ च्या सातव्या आवृत्तीत तर गडीच उरला नाही. नगरात माणूस वाढला की आपण घर निवडायचे, सुधारणा आपोआप. खेळ सुटसुटीत झाला असेल. मला मात्र त्यात चव वाटत नाही.

ज्या शाळेत संगणक नाही, तिथल्या शिक्षकांनी हा खेळ फळ्यावर खेळवावा. तीन घरे काढा: नगर, मका, डोंगर. वर दिलेले आकडे लिहा. अर्ध्या वर्गाने आधी शेत करायचे, अर्ध्याने आधी खाण, आणि फेरीगणिक कणगी व हातोडे मांडत जायचे. पाचवीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागणार नाही. मग नदी पुसून टाका. पाण्यावाचून मक्याचे शेत ६ ऐवजी ५ माप देते. तिसरा माणूस आता कोणाकडे केव्हा येईल, ते मुलांना काढू द्या. उत्तर तेरावी आणि पंधरावी फेरी असे यायला हवे. कोणाचे बारावी आले, तर त्याने आधीच्या कणगीतली शिल्लक तपासून पाहावी.